मोहोर न बघता केलेला करार

देवगड तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकांचं पत्र, थोडक्यात: "वय ६३. जिल्हा परिषदेच्या शाळांत ३४ वर्षं नोकरी. पेन्शन महिना ३८,०००. बँकेत ६ लाखांची एकच मुदत ठेव, ७ टक्क्यांची, येत्या ऑगस्टात पिकते. पोस्टात ज्येष्ठ नागरिक योजनेत ९ लाख, बचत खात्यात १ लाख ४० हजार. कर्ज नाही. माझ्या २२ कथा तयार आहेत, त्यातल्या तीन दिवाळी अंकांत आल्या. एका प्रकाशनाने कथासंग्रहाच्या १,००० प्रतींसाठी १,८५,००० मागितले आहेत. २०८ पानं, छापील किंमत ३०० रुपये. मला ३०० प्रती मिळणार, उरलेल्या ७०० वर दहा टक्के रॉयल्टी. ३१ मार्चच्या आत पैसे भरले तर दिवाळीत पुस्तक. ठेव मोडू का? घरचं म्हणणं, आधी छप्पर करा. त्याला ९०,००० लागतील. आणि खरं सांगा, पुस्तक काढण्याइतका लेखक मी झालो आहे का?"

गुरुजी, नमस्कार.

ठेव मोडू नका आणि काकींचं ऐका, छप्पर आधी. तुम्ही जन्मभर मुलांकडून उत्तराखाली रीत मांडून घेतलीत, म्हणून मीही मांडतो.

तुमच्या ३०० प्रती तुम्ही एकही फुकट न देता, एक रुपयाही न सोडता विकल्यात असं धरू. ९०,००० आले. प्रकाशकाने त्याच्या सगळ्या ७०० विकल्या, प्रतीमागे ३० रुपये, म्हणजे २१,०००. एकूण १,११,०००. भरलेले १,८५,०००. शेवटची प्रत संपली त्या दिवशीही तुम्ही ७४,००० ने आत आहात. पुस्तक पडलं तर काय, हा प्रश्न अजून आलेलाच नाही.

आता आपल्या गावचा हिशेब. शंभर प्रती तर सही करून अशाच जातील. जुने सहकारी, मुंबईचे चाकरमानी, व्याही, शाळेची कपाटं, प्रकाशन समारंभातले पाहुणे. तुमच्याकडे "एक प्रत ठेव हां माझ्यासाठी" म्हणणाऱ्याला किंमत सांगायची तुमची जीभ रेटणार नाही, हे तुमच्या पत्रावरूनच कळतं. उरलेल्या २०० पाऊण किमतीत गेल्या तर ४५,०००. प्रकाशकाकडून २०० खपल्या तर ६,०००. म्हणजे १,३४,००० गेले. शिवाय ठेवीची पावती एकच असल्यामुळे बँक मुदतीआधी ती मोडताना बहुधा सगळ्या सहा लाखांवरचं व्याज कमी करेल, फक्त काढलेल्या रकमेवरचं नाही.

पैसा बुडाला तरी चालेल, हौस आहे, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालत नाही. लोक गणपतीच्या मखरावर आणि पोराच्या लग्नातल्या बँडवर खर्च करतात, तो काय परतावा बघून? पण मग त्याला हौस म्हणायचं आणि हौसेच्या खात्यातून द्यायचं. तुम्ही मात्र पत्रात "गुंतवणूक" हा शब्द तीनदा वापरलाय. तो तुमचा नाही, त्या प्रकाशनाच्या माहितीपत्रकातला आहे.

माझा खरा आक्षेप पुढेच आहे. आपल्याकडे आंब्याची बाग कराराने घ्यायला माणूस येतो तेव्हा काय करतो? या दिवसांत झाडाखालून फिरतो. मोहोर किती आलाय, तुडतुडे लागलेत का, कुठलं कलम यंदा धरणार नाही हे बघतो. मग आकडा सांगतो आणि तो आकडा तो तुम्हाला देतो. पुढे अवकाळी पाऊस आला की डोक्याला हात तो लावतो. खरा प्रकाशकही असाच असतो. हस्तलिखित वाचायचं, पैसे स्वतःचे घालायचे, खपलं तर लेखकाला रॉयल्टी, नाही खपलं तर गठ्ठे त्याच्या गोदामात. तुमच्याकडे आलेला माणूस मात्र फवारणी, पेट्या, टेम्पो सगळ्याचे पैसे तुमच्याकडून घेऊन वर ७०० पेट्या स्वतःकडे ठेवतोय. त्याचा फायदा तुम्ही चेक फाडता त्याच दिवशी झाला. पुढे वाशीच्या बाजारात भाव मिळो न मिळो, त्याला काय?

आणि मोहोर त्याने बघितलेलाच नाही. तुम्ही सोबत जोडलेलं प्रकाशनाचं तीन पानी पत्र मी दोनदा वाचलं. त्यात "आपल्या सशक्त लेखणीतून" आहे, "मराठी सारस्वताच्या दरबारात" आहे. तुमच्या २२ पैकी एकाही कथेचं नाव नाही.

त्याच पत्रातल्या दोन ओळींखाली मी पेन्सिलीने रेघ मारलीय. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, त्याची नोंदणी ५,०००. भारतात हा क्रमांक केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखालची राजा राममोहन रॉय एजन्सी फुकट देते. कॉपीराइट नोंदणी ८,०००. सरकारी फी ५०० रुपये आहे आणि नोंदणी सक्तीची नाही. कथा कागदावर उतरली तेव्हाच १९५७ च्या कायद्याने हक्क तुमचा झाला. १३,००० पैकी खरी फी ५००. बाकीच्या ओळी मला तपासता येत नाहीत. पण ज्या तपासता येतात त्या अशा निघाल्यावर उरलेल्यांवर मी कसा विश्वास ठेवू?

करारात "सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील" एवढंच लिहिलंय, किती वर्षं ते नाही. मुदत लिहिलेली नसेल तर कायद्याचं कलम १९ ती पाच वर्षं धरतं, एवढा आधार आहे. तरी भाषांतर, ऑडिओ, सिनेमा हे हक्क पुस्तकाच्या हक्कात मिसळून देऊ नका. कुठल्याच प्रकाशकाला. करसवलतीचं आमिषही सोडून द्या. पुस्तकाच्या रॉयल्टीवर ३ लाखांपर्यंत वजावट आहे हे खरं, पण ती जुन्या करप्रणालीत आणि हातात आलेल्या रॉयल्टीवर. तुमची पेन्शन आणि व्याज मिळून नव्या प्रणालीत तसाही कर लागत नाही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. मी आकड्यांचा माणूस, लेखक कोण हे ठरवणारा मी कोण? पण तयारीला पैशाची एक बाजू असते, तेवढं बोलतो. तीन कथा अनोळखी संपादकांनी निवडून छापल्या, त्यासाठी तुम्ही खिशात हात घातला नाही. माझ्या लेखी ही १,८५,००० च्या पावतीपेक्षा मोठी खूण आहे. उरलेल्या एकोणीस घरच्यांखेरीज कुणी वाचल्यात का? पत्रात तसा उल्लेख नाही. कोकण मराठी साहित्य परिषदेच्या शाखा आपल्या भागात आहेत. तिथे जाऊन वाचा, आणि "छान" म्हणणाऱ्यापेक्षा मध्येच घड्याळ बघणाऱ्याकडे लक्ष ठेवा. कोणत्या पानावर बघितलं ते लिहून ठेवा. याला चहाचे पैसे लागतात.

दुसरं, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. मंडळ जाहिरात देऊन हस्तलिखितं मागवतं, ती वाचली जातात आणि निवड झाली तर पुस्तकाला अनुदान मिळतं. नवलेखक म्हणजे ज्याचं पहिलं पुस्तक यायचंय तो. कथासंग्रह स्वखर्चाने घाईत काढलात तर ही वाट तुम्हीच बंद कराल, म्हणून आधी तिथे पाठवा. सोबत दोन-तीन जुन्या प्रकाशकांना पत्र आणि चार निवडक कथा. उत्तराला महिने लागतील. नकार आला तर त्याची किंमत टपालखर्चाएवढी.

सगळीकडून नकार आले, तरी पुस्तक हवंच वाटलं, तर मी आडवा येणार नाही. फक्त हजार छापू नका, दोनशे छापा. डिजिटल छपाईत तेवढ्या निघतात. जवळच्या दोन छापखान्यांत दर विचारा. मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठ धरून ४०,००० च्या वर मी जाऊ देणार नाही. सगळ्या प्रती तुमच्या, सगळे हक्क तुमचे, आणि संपल्या तर पुन्हा छापता येतात. त्या करारातल्या तुमच्या तीनशे प्रती म्हणजे पाऊणशे किलोच्या आसपास कागद. कौलातून गळणाऱ्या घरात मृगापासून गणपतीपर्यंत त्यांचं काय होतं, हे शाळेचं दप्तर सांभाळलेल्या माणसाला मी वेगळं सांगायला नको.

आता पैशाची मांडणी. बचत खात्यातून ९०,००० छपराला, मे महिन्याच्या आत. वाळवीने खाल्लेले वासे आताच बदला, नुसती कौलं परतून भागणार नाही. उरलेल्या ५०,००० ला हात नको, ते दवाखान्याचे. पोस्टातले ९ लाख जिथे आहेत तिथे. ऑगस्टात ठेव पिकली की तिच्या एकाऐवजी दीड-दीड लाखाच्या चार पावत्या करा, पुढे गरज पडली तर एकच मोडावी लागेल. त्या वर्षाच्या व्याजातून, म्हणजे साधारण ४२,००० तून, पुस्तकाचे ४०,००० निघतात. मुद्दल जागेवर. काकींना हे वाचून दाखवा, त्या नाही म्हणणार नाहीत.

आणि ३१ मार्चची मुदत त्यांची आहे, तुमची नाही. फोन येतील, सवलत वाढत जाईल. "हस्तलिखित वाचलंत का, कुठली कथा आवडली?" एवढं विचारा.

ता. क. नमुन्याला जोडलेली तरीवरची, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीवरची, कथा वाचली. खाडीला भरती आलीय आणि पोरं दप्तरं डोक्यावर धरून उभी आहेत, तिथे मी चहा गार केला. शेवटच्या अर्ध्या पानात मास्तर जे समजावून सांगतो ते मला नको वाटलं.