आधी तो लॅपटॉप परत द्या

(सांगलीच्या एका वडिलांचं पत्र : मुलगी ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, सीजीपीए ७.४. एमटेकच्या 'गेट' परीक्षेचा अभ्यास सोडून अ‍ॅपल-क्वालकॉमच्या पेटंटच्या भांडणावर वाचत बसते. गुंतवणूकदारांसाठी असं विश्लेषण करायचंय म्हणते. "हा सट्टा आहे. लॅपटॉप काढून घेतलाय. तिला समजवा.")

नमस्कार.

७.४ ची मला काळजी नाही. काळजी वाटली ती कपाटात कुलूपबंद लॅपटॉपची. विशीतली मुलगी, दीड पानाचं पत्र, आणि त्यात तिचं धड एक वाक्य नाही. 'आम्ही ठरवलं' मात्र चार वेळा. त्या 'आम्ही'त तिची आई तरी आहे का? इंजिनिअरिंगच्या मुलीचा लॅपटॉप काढून घेऊन 'गेट'चा अभ्यास कसा होणार, हेही मला उमगलं नाही.

तुम्ही लिहिता, "कोर्टात जिंकला त्याचा शेअर वर, हरला त्याचा खाली. यात अभ्यास कसला?" इथे तुम्ही साफ चुकताय. जानेवारी २०१७ मध्ये अ‍ॅपलनं क्वालकॉमवर दावा लावला आणि पुढे आयफोन जुळवणाऱ्या कंपन्यांकडून क्वालकॉमला मिळणारी रॉयल्टी, म्हणजे पेटंट वापरण्याचे पैसे, थांबली. क्वालकॉम चिप विकते खरी, पण तेव्हा तिच्या नफ्याचा मोठा वाटा पेटंटच्या परवान्यांचा होता. त्यामुळे गुंतवणूकदारांचा जीव रॉयल्टीत अडकला. १६ एप्रिल २०१९ ला सॅन डिएगोत सुनावणी सुरू होते न होते तोच तडजोड झाली, सहा वर्षांचा परवाना ठरला. कोर्टात कुणी जिंकलंच नाही, तरी क्वालकॉमचा शेअर त्या दिवशी सुमारे २३ टक्के चढला. पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे मक्तेदारीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, लावलेल्या खटल्यात निकाल क्वालकॉमच्या विरोधात गेला, शेअर दहा टक्क्यांहून जास्त पडला. ऑगस्ट २०२० मध्ये अपिलात तो निकाल उलटला. 'हरली' एवढंच ऐकून ज्यांनी विकून टाकलं, ते फसले. निकालपत्र, परवान्याच्या अटी आणि ताळेबंद एकत्र वाचता येणं, हे यातलं खरं काम. मोडेम (फोनला नेटवर्कशी जोडणारी चिप) कशाशी खातात हे तुमच्या मुलीला आत्ताच कळू लागलंय. नुसत्या कॉमर्सवाल्याला ते शिकायला वर्षं लागतील.

वाटा थोडक्यात : पेटंट एजंटच्या परीक्षेला इंजिनिअरिंगची पदवी पुरते, एलएलबी लागत नाही. शेअर संशोधनात जायचं तर सीएफए, म्हणजे गुंतवणूक विश्लेषणाचा अभ्यासक्रम. फी घेऊन सल्ला द्यायचा तर सेबीची नोंदणी.

तिलाही कान टोचून सांगतो : बातम्या वाचणं म्हणजे विश्लेषण नव्हे. अपिलात निकाल का उलटला, हे तिनं स्वतःच्या शब्दांत एका पानात लिहून पाठवावं. आणि ते पान तुम्ही आधी वाचू नका.