तू सोडतेस ती गाडी

ताई,
मी ३९ वर्षांची, माहीमला राहते. मुंबईतलं नव्हे, पालघरचं माहीम. चर्चगेटजवळ बँकेत नोकरी. अकरा वर्षं डहाणू लोकलने ये-जा करतेय. जाताना दोन तास, येताना दोन, कधी जास्तच. पहाटे साडेचारला उठते. संध्याकाळी एक गाडी सोडून पुढची धरते, गर्दी कमी असते म्हणून. आता बँकेने पालघर शाखेत बदली देऊ केली आहे. सोमवारपर्यंत होकार कळवायचाय. घरी सगळे खूश आहेत. सासूबाई म्हणाल्या, आता रात्रीचा स्वयंपाक तुझ्याकडे, माझे गुडघे सुटले. मुलाचा क्लास बंद करून मीच त्याला शिकवायचं ठरलंय. यजमान वाडी बघतात, स्वभावाने शांत आहेत, रोज रात्री स्टेशनवर स्कूटर घेऊन येतात. विड्याच्या पानांचा हिशोब आता तूच ठेव, म्हणाले. पगारही तेवढाच राहील. तरी माझी सही होत नाही. माझं काही चुकतंय का?
— प्रवासिनी

अगं प्रवासिनी,

तुला अगं-तुगं केलं तर चालेल ना? माझं वय तेवढं झालंय.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, यात विचारायचं काय? नव्वदेक किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं, ते सुटतंय तर नारळ फोड आणि मोकळी हो. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यापाशी थांबले. पगार, गुडघे, हिशोब यांच्या मध्ये तू ते हळूच टेकवलं आहेस, चौथ्या सीटवर टेकावं तसं. 'एक गाडी सोडून पुढची धरते, गर्दी कमी असते म्हणून.'

बाई, कुणाला सांगतेस?

अंधेरीची बाई गाडी सोडते, कारण मागोमाग दुसरी असते. डहाणू गाडी कुणी सोडत नाही. मी सफाळ्याहून नऊ वर्षं ये-जा केली. तेव्हा डहाणूपर्यंत लोकल नव्हती, ती २०१३ साली आली. विरारला उतरायचं, जिना चढायचा, शटल गाठायची. ती गेली की फलाटावर बसून डास मारायचे. पालघर-बोईसरच्या बायका मुंबई सेंट्रलला फ्लाइंग राणीसाठी धावायच्या. 'राणी गेली' हे त्या घरातलं कुणी गेल्याच्या सुरात सांगायच्या. आजही थेट गाड्या मोजक्याच. विरारपुढे चार मार्गिकांचं काम चालू आहे, तोवर गुजरातकडच्या एक्सप्रेस, मालगाड्या आणि तुझी लोकल एकाच जोडमार्गावर. लोकल बाजूला उभी करून एक्सप्रेस पुढे काढली, की वैतरणेच्या अंधारात घड्याळ बघत बसायचं. या मार्गावरची बाई गाडीसाठी चप्पल हातात घेऊन पळते. तू मात्र ती रोज जाऊ देतेस. अकरा वर्षं.

ट्रेनच्या ग्रुपसाठी जीव टाकणाऱ्या बायका मी पाहिल्यात. दसऱ्याला डब्याला तोरण, संक्रांतीला हळदीकुंकू, वालाच्या शेंगा सोलता सोलता सुनांच्या चुगल्या. नोकरी सुटली तरी त्यांची गाडी सुटत नाही. तुझ्या पत्रात त्यातलं एक अक्षर नाही. म्हणजे लोकल सोडवत नाही असं काही नाही. सोडवत नाही ती मधली वेळ, एक गाडी गेल्यापासून दुसरी लागेपर्यंतची. त्या वेळात तू काय करतेस ते लिहिलेलं नाहीस. बाकावर बसत असशील, चहा घेत असशील, चालत मरीन ड्राइव्हच्या कठड्यापर्यंत जात असशील. मी विचारणारही नाही. तेवढा वेळ तुला कुणी हाक मारत नाही, एवढं मला कळलं.

आणि आता बघ. बदली झाली नाही तोच तुझे तास वाटूनही झाले. सातपाटीला होडी धक्क्याला लागायच्या आधीच पापलेटाचा सौदा ठरावा, तसं. स्वयंपाक सासूबाईंनी घेतला, अभ्यास मुलाने, पानांचा हिशोब नवऱ्याने. तुझ्या वाटणीला काय आलं ते पत्रात शोधलं. नाही सापडलं.

नवरा शांत आहे, घ्यायला येतो. येतो हे बरंच आहे. पण माहीमच्या बाकीच्या बायका आधीच्या गाडीने येऊन घरी जेवायला बसलेल्या असतात, हे अकरा वर्षांत त्याच्या नजरेत आलं नाही? एकदाही विचारावंसं वाटलं नाही, की तू त्यांच्यात का नसतेस? असल्या शांतपणाचं मला फार कौतुक नाही.

मात्र खरी चिडले आहे ती तुझ्यावर. तासभर एकटं बसायचं म्हणून तू गर्दीवर आळ घेतलास, रोज रात्री उशिरा जेवलीस, साडेचारच्या गजरापर्यंत जेमतेम झोपलीस. आणि तोच बहाणा मलाही पाठवलास.

बदली घे. शाखा सुटल्यावर घरी पोचायची वेळ साडेसात ठरवून टाक. मधला वेळ केळव्याच्या सुरूच्या बनात घालव, शिरगावच्या किनाऱ्यावर घालव, सवयीने पालघर स्टेशनच्या बाकावर जाऊन बसलीस तरी हरकत नाही. फक्त आता चोरून जमणार नाही. मुंबईत गाडी लेट होती म्हटलं की भागायचं. इथे कोण कुठे बसलं होतं ते दिवेलागणीच्या आत घरोघर पोचतं, त्यात आणखी चार गोष्टी चिकटवून.

म्हणून सही करायच्या आधी सांगायचं. सासूबाईंना नंतर. आधी नवऱ्याला, आज रात्रीच, स्टेशनवरून घरी जाताना. मागच्या सीटवरून बोलायला सोपं जातं, एकमेकांची तोंडं दिसत नाहीत. 'मी रोज एक गाडी सोडते' इथून सुरुवात कर आणि गर्दीचं नाव काढू नकोस. वाऱ्यात ऐकू आलं नाही म्हणाला, तर स्कूटर बाजूला घ्यायला लाव.