अमेरिकेत नव्या घराच्या नकाशांवर स्थानिक इमारत विभागाकडून दुरुस्त्यांची यादी आली, म्हणजे बांधकाम परवाना नाकारला गेला का?

नाही. नव्या स्वतंत्र घराच्या नकाशांना पहिल्याच तपासणीत एकही शेरा न येणे हीच विरळा गोष्ट आहे. यादी वास्तुविशारद आणि संरचना अभियंता या दोघांकडे द्यावी, कारण संरचनेच्या गणितावरील शेऱ्यांचे उत्तर त्या गणितावर ज्या अभियंत्याचा शिक्का आहे त्यानेच देणे योग्य.

प्रत्येक शेऱ्याखाली काय बदलले आणि ते कोणत्या पानावर दिसेल हे लिहावे. नुसते ‘दुरुस्ती केली’ एवढे उत्तर बहुधा परत येते. बदललेला भाग नकाशावर ढगासारख्या रेषेने घेरून शेजारी त्रिकोणात दुरुस्तीचा क्रमांक टाकण्याची तिथे रीत आहे.

शयनगृहाच्या खिडकीकडे विशेष लक्ष द्यावे. आंतरराष्ट्रीय निवासी संहितेनुसार (अमेरिकेतील घरबांधणीची नमुना नियमावली, इंग्रजीत IRC) आपत्कालीन सुटकेसाठी ती उघडल्यावर किमान ५.७ चौरस फूट (तळमजल्यावर ५), २४ इंच उंच आणि २० इंच रुंद मोकळी जागा लागते, तर मोकळ्या जागेची खालची कड फरशीपासून ४४ इंचांहून वर चालत नाही. गंमत अशी, की २० गुणिले २४ इंच म्हणजे जेमतेम ३.३ चौरस फूट. त्यामुळे उंची आणि रुंदी दोन्ही किमान धरलेली खिडकी नापासच होते.

एखादा शेरा चुकीचा वाटल्यास संहितेचे कलम हाताशी ठेवून तपासनिसाशी फोनवर बोलावे, आणि परवान्याचा अर्ज किती दिवस वैध राहतो तेही पाहावे. मूळ संहितेत ही मुदत १८० दिवसांची आहे, स्थानिक नियम वेगळा असू शकतो, आणि मुदतवाढ लेखी मागता येते.