तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : पाण्याचं इंजिन वीडरवर चढवताना

प्रश्न : माझ्या सात एचपी पेट्रोल पॉवर वीडरचा (तण काढायच्या यंत्राचा) कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला भोक पडलं आहे. पाणी उपसायच्या पंपाचं साडेसहा एचपीचं इंजिन घरी पडून आहे. ते वीडरवर बसेल का? – एक शेतकरी, सिन्नर

उत्तर : वीडर पट्ट्यावर चालणारा असेल तर बसेल. इंजिन फ्लँजने (बोल्टच्या भोकांच्या चकतीने) थेट गिअरबॉक्सला जोडलेलं असेल तर मात्र या खटाटोपात पडू नका. तिथे शाफ्टचं टोक, क्लचची बैठक आणि फ्लँजची भोकं तिन्ही जुळावी लागतात.

अर्ध्या एचपीची चिंता करू नका. जमीन कठीण लागली तर दोन्ही बाजूंची एकेक पाती काढा, काम भागतं. खरी अडचण शाफ्टची असते. पंपाच्या केसिंगचे बोल्ट काढा, इम्पेलरला (पाणी फेकणाऱ्या पंख्याला) लाकडी ठोकळा लावून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून काढा आणि शाफ्टचं टोक नीट बघा. सरळ आणि चावीची (पुली शाफ्टवर अडकवणाऱ्या लोखंडी तुकड्याची) खाच असलेलं असेल तर उत्तम. टोकावर इम्पेलरचे आटे असतील तर त्यावर पुली धरणार नाही. आटे घासून किंवा वेल्डिंग करून पुली बसवणारे भेटतात, पण ती पुली मध्येच सुटून अंगावर येते. असं शाफ्ट असेल तर सरळ शाफ्टचं इंजिनच बघा.

सरळ शाफ्टही वर्नियरने मोजा. 19.05 मिमी आणि 20 मिमी अशी दोन्ही मापं बाजारात आहेत. 20 ची पुली 19.05 वर हाताने सहज सरकते, म्हणून बसली असं वाटतं. मग ती चावीवर ठोके खाते, खाच रुंदावते आणि शाफ्ट वाया जातं. पुली टर्नरकडून मापात करून घ्या.

जुन्या इंजिनाला हाफ रिडक्शन (बाहेरच्या शाफ्टचा वेग निम्मा करणारी जोडणी) होतं का, हेही तपासा. प्लग काढून दोरी हळू ओढा. फ्लायव्हील एक फेरा फिरल्यावर बाहेरचं शाफ्ट अर्धाच फिरत असेल तर रिडक्शन आहे. पंपाच्या इंजिनाला ते नसतं, त्यामुळे जुनीच पुली लावली तर पाती दुप्पट वेगाने फिरतील. अशा वेळी इंजिनाची पुली निम्म्या व्यासाची लागेल. ती फार लहान होऊन पट्टा घसरत असेल तर गिअरबॉक्सकडची पुली मोठी करा. शाफ्ट कोणत्या बाजूला फिरतं तेही याच वेळी बघून ठेवा.

163 आणि 196 सीसीच्या बहुतेक इंजिनांची पायाची भोकं 162 बाय 75.5 मिमीवर असतात, म्हणून चौकट सहसा जुळते. बोल्ट एम-8, चारही लॉकनटसकट. दोन्ही पुलींवर सरळ पट्टी टेकवून त्या एका रेषेत आणा, नाहीतर पट्टा एका कडेने झिजतो.

शाफ्टमागचं ऑईल सील आत्ताच बदला (या इंजिनांना बहुधा 25×41.25×6 मिमी). पंपाचं सील गळत असेल तर इथे पाणी बसून गंज धरलेला असतो. ऑईल साधारण 600 मिली, 10डब्ल्यू-30.

आता ॲक्सिलरेटरची केबल, इथे बरेच जण चुकतात. ती कार्ब्युरेटरच्या पाकळीला (आतल्या थ्रॉटलच्या झडपेला) कधीही जोडू नका. गव्हर्नरच्या (इंजिनाचा वेग आपोआप आवरणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंगला ताण देणाऱ्या लिव्हरलाच जोडा. पाकळीला जोडली तर पाती मातीतून वर येताच इंजिन बेलगाम पळतं, आणि तुमचा पहिला रॉड तसाच गेला असण्याची शक्यता आहे. पंपावर हा लिव्हर एकदा लावून सोडायचा असतो, म्हणून त्याचा नट घट्ट आवळलेला असतो. तो ढिला करून परतीची स्प्रिंग लावा. मूठ सोडताच इंजिन मंद झालं पाहिजे. पाय पात्यांजवळ असतात, म्हणून एवढं तपासल्याशिवाय शेतात जाऊ नका.

पंप विहिरीकाठी एका जागी उभा असतो, वीडर धुळीत फिरतो. त्यामुळे फोम आणि कागद असा दुहेरी एअर फिल्टर लावा.

इंजिनाला पेट्रोलची छोटी आणि रॉकेलची मोठी अशा दोन टाक्या असतील तर ते कमी कॉम्प्रेशनचं रॉकेल इंजिन आहे. ते वीडरला कमी पडेल.

प्रश्न : आमच्या रिसॉर्टच्या बसून चालवायच्या लॉन मोअरला जनरेटरचं इंजिन लावता येईल का? – एक वाचक, गोवा

उत्तर : नाही. अशा बहुतेक मोअरचं शाफ्ट खाली, जमिनीकडे असतं आणि जनरेटरचं आडवं. आडवं इंजिन उभं केलं तर ऑईल सगळीकडे पोचत नाही आणि कार्ब्युरेटर वाहतो. दुसऱ्या भंगार मोअरचं उभ्या शाफ्टचं इंजिन शोधा. शाफ्ट बहुधा 25.4 मिमी जाड असतं. लांबीही जुळवा, नाहीतर पुली पट्ट्याच्या रेषेत येणार नाही.

वायरिंग रंगावरून जोडू नका. इंजिन बंद करणारी वायर फक्त अर्थिंगसाठी, म्हणजे इंजिनाच्या धातूला जोडली जाण्यासाठी असते. तिच्यात 12 व्होल्ट गेले तर इग्निशन कॉईल जळते. उलट कार्ब्युरेटरखालच्या सोलेनॉईडला (पेट्रोलची वाट उघडणाऱ्या विजेच्या झडपेला) 12 व्होल्ट लागतातच. चावी फिरवल्यावर तिथे टिक्क आवाज आला नाही तर स्टार्टर फिरेल, पण इंजिन पेट घेणार नाही.