शाकाहारी घरातलं मांजर: पाकीट मागच्या बाजूनं वाचा

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. घर बेळगावच्या शहापुरात, सगळे शाकाहारी, स्वयंपाकघराला लागून देवघर, त्यामुळं घरात मांस-मासे शिजायचा प्रश्नच नाही. दीड वर्षाचा, नसबंदी झालेला चार किलोचा बोका आहे आणि आता तीन महिन्यांचं एक पिल्लू आलंय. आजवर दूध-भात आणि दुधात कुस्करलेली चपाती यावर चाललं. परवा दुकानदारानं एक शाकाहारी कॅट फूड दाखवलं, एक गोणीतलं सुट्टं दाखवलं, आणि तुम्ही विचारताय, कुठली कंपनी चांगली?

कंपनीचं नाव सांगून तुमचं काम होणार नाही. एकाच कंपनीचं एक पाकीट पूर्ण जेवण असतं आणि त्याच्याच शेजारचं, तसंच दिसणारं, नुसतं तोंडाला चव म्हणून द्यायचं असतं. व्हिस्कस, मी-ओ, ड्रूल्स, रॉयल कॅनिन, शेबा ही नावं बेळगावात बहुतेक दुकानांत दिसतात. यातलं तुमच्या बोक्याला काय आणि पिल्लाला काय, हे पाकिटाच्या मागच्या बाजूला लिहिलेलं असतं. ते कसं वाचायचं, तेवढं सांगते.

त्याआधी शाकाहारी खाद्याबद्दल. ते घेऊ नका. तुमच्या घराच्या आचाराबद्दल मला पूर्ण आदर आहे आणि तरीही हे स्पष्ट सांगायला हवं, कारण मांजराचं शरीर कुत्र्यासारखं किंवा माणसासारखं नसतं. गाजर-भोपळ्यातल्या बीटा कॅरोटिनपासून आपलं शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, मांजराला ते जमत नाही, त्याला ते तयारच लागतं. टॉरिन नावाचं एक अमिनो आम्ल आहे, तेही त्याला गरजेइतकं बनवता येत नाही आणि ते वनस्पतींत जवळजवळ नसतंच. टॉरिन कमी पडलं की डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदयाचे स्नायू सैल पडत जातात. 1987 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी दाखवून दिलं की हृदय फुगून मरणाऱ्या कित्येक मांजरांच्या रक्तात टॉरिनच कमी होतं. ही मांजरं चांगल्या, नावाजलेल्या पाकिटातलंच खात होती. टॉरिन दिल्यावर त्यांतली बरीच सुधारली, आणि त्यानंतर कंपन्यांनी खाद्यातलं टॉरिन वाढवलं. मांसाच्या खाद्यातसुद्धा हिशेब चुकू शकतो, तर ज्याचा पायाच डाळ-मक्याचा आहे तिथं सगळी भिस्त वरून घातलेल्या भुकटीवर राहते. शिवाय नुसत्या वनस्पतींच्या खाण्यानं लघवीतलं आम्ल कमी होतं आणि खडे धरायला वाव मिळतो. बोक्याचा मूत्रमार्ग मुळातच अरुंद असतो, तिथं हा धोका घ्यायचं कारण नाही.

दूध-भाताचंही तेच. पोट भरतं, पण पोषण होत नाही. बऱ्याच मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, पोट बिघडतं. आणि गोडाची चव त्यांना कळतच नाही, तेव्हा घरात कुंदा आला म्हणून बोक्यापुढं बोटभर ठेवण्यातही अर्थ नाही.

म्हणून तुमच्यासारख्या घराला पाकिटातलं खाद्य ही खरोखर सोय आहे. मांस आणणं नाही, शिजवणं नाही. पण त्यात कोंबडी आणि मासे असतात, हे सासूबाईंपासून लपवून ठेवू नका. त्यांना सांगून, पाठच्या परड्यात किंवा जिन्याखाली वेगळी जागा करून, वेगळी ताटली-चमचा ठेवून द्या. आमच्या भागातल्या जैन आणि लिंगायत घरांतून अशीच व्यवस्था मी पाहिली आहे. विश्वासात घेतलं की घरातली वडीलधारी माणसंच मग वेळेवर दाणे घालायला लागतात.

आता पाकीट हातात घ्या आणि उलटं करा. पुढच्या बाजूचं चित्र, 'प्रीमियम', 'नॅचरल' वगैरे सगळं सोडून द्या. मागं बारीक अक्षरात एक वाक्य शोधायचं: 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड', किंवा नुसतं 'कम्प्लीट', आणि ते कुठल्या वयासाठी. 'अ‍ॅडल्ट' किंवा 'मेंटेनन्स' म्हणजे मोठ्या मांजरासाठी, 'ग्रोथ' किंवा 'किटन' म्हणजे पिल्लासाठी, 'ऑल लाइफ स्टेजेस' म्हणजे दोघांनाही चालणारं. त्याच्या आसपास अमेरिकेतल्या आफ्कोचं किंवा युरोपातल्या फेडियाफचं नाव असतं, पाळीव प्राण्यांच्या खाद्यात काय किती असावं याची मापं ठरवणाऱ्या या संस्था. आपल्याकडं भारतीय मानक ब्युरोचं आयएस 11968 हे मानकही आहे, पण त्याचा उल्लेख प्रत्येक पाकिटावर सापडेल असं नाही. आफ्को स्वतः कुठल्या खाद्याला शिक्का देत नाही. आमचं खाद्य त्या मापात बसतं, असं कंपनी सांगत असते. तरी ते लेखी सांगणं आणि काहीच न सांगणं यात फार फरक आहे. 'कॉम्प्लिमेंटरी', 'ट्रीट' किंवा 'स्नॅक' असं लिहिलं असेल तर ते जेवण नव्हे. नळीतून पिळून चाटवायचं जे मऊसूत खाद्य मिळतं त्यातलं बहुतेक याच जातीचं, आणि ओल्या खाद्याची काही महागडी पाऊचसुद्धा. मांजर त्यावर तुटून पडतं, म्हणून लोक रोज तेच देतात. परदेशी मालावर आयातदाराचं स्टिकर कधीकधी नेमकं याच वाक्यावर चिकटवलेलं असतं. तसं असेल तर दुसरं पाकीट मागा किंवा कंपनीच्या साइटवर बघा.

मग आकडे. प्रथिनांचा टक्का सरळ वाचला तर फसायला होतं, कारण कोरड्या खाद्याच्या दाण्यांत पाणी दहा टक्क्यांच्या आसपास आणि पाऊचमध्ये ऐंशीच्या वर. समजा दाण्यांवर प्रथिनं 32 आणि पाणी 10 आहे, पाऊचवर प्रथिनं 9 आणि पाणी 82. पाणी वजा करून हिशेब करा. 32 भागिले 90, म्हणजे साधारण साडेपस्तीस टक्के. 9 भागिले 18, म्हणजे 50 टक्के. पातळ दिसणारं पाऊच प्रथिनांत वरचढ निघालं की नाही? आफ्कोची किमान पातळी याच कोरड्या हिशेबानं मोठ्या मांजराला 26 आणि पिल्लाला 30 टक्के आहे. ती तळाची रेषा आहे, तिच्यापेक्षा बरंच वर असलेलं निवडावं.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. पहिल्या दोन-तीन नावांत कोंबडी, मासा, चिकन मील असं काही ठळकपणे असावं. ताज्या कोंबडीत दोन तृतीयांशाहून जास्त पाणीच असतं, म्हणून ती यादीत वर चढते. मील म्हणजे वाळवून दळलेलं, त्यामुळं त्याला कमी समजू नका. 'बाय-प्रॉडक्ट' वाचूनही नाक मुरडू नका, काळीज आणि हृदय त्यातच येतं आणि टॉरिन तिथंच भरपूर. 'ग्रेन फ्री'साठी जादा पैसे मोजायची गरज नाही, गहू काढून वाटाणा-बटाटा घातला तरी पिष्ट तेवढंच राहतं.

सुट्टं खाद्य मात्र अजिबात नको. गोणीतून मापून पारदर्शक पिशवीत बांधून देतात, त्यावर ना तारीख, ना वय, ना कुठलं वाक्य. किलोमागं स्वस्त पडतं हे खरं, आणि बजेट सांभाळणाऱ्यांना दोष द्यायचा नाही. पण गोणी कधी उघडली ते कुणालाच माहीत नसतं, आणि आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असते, खानापूर-जांबोटीकडं तर कपडे वाळत नाहीत. त्या हवेत उघडे दाणे दमट होतात, त्यातली चरबी खवट होते आणि बुरशी धरते. बुरशीचं विष डोळ्यांना दिसत नाही. दाणे दोन बोटांत दाबून बघा, कडक मोडले पाहिजेत. चिवट लागले किंवा जुन्या तेलाचा वास आला तर टाकून द्या. महिन्या-सव्वा महिन्यात संपेल एवढंच पाकीट घ्या, मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, म्हणजे तारीखही जवळ राहते. निपाणी-चिकोडीकडून कोल्हापूरला जाऊन एकदम मोठी पिशवी आणणाऱ्यांनी हे आधी बघावं. उघडलेलं पाऊच फ्रिजमध्ये एक-दोन दिवस टिकतं. तुमच्या फ्रिजमध्ये ते चालणार नसेल तर लहान पाऊच घेऊन एका वेळेला संपवा.

किती द्यायचं? तुमच्या चार किलोच्या बोक्याला, नसबंदी झालेला आणि घरातच असणारा म्हणून, दिवसाला अंदाजे 200 किलोकॅलरी पुरतात. वरच्या उदाहरणातल्यासारखे दाणे असतील तर शंभर ग्रॅमला सव्वातीनशेच्या आसपास किलोकॅलरी येतात, म्हणजे साठ-बासष्ट ग्रॅम झाले. 85 ग्रॅमच्या तसल्या पाऊचमध्ये पंचावन्न-साठ किलोकॅलरी असतात. नुसत्या पाऊचवर ठेवायचं तर रोज साडेतीन लागतील, खर्च झेपणार नाही. रोज एक पाऊच आणि पंचेचाळीस ग्रॅम दाणे हा मध्यम मार्ग मला तुमच्या बोक्यासाठी सगळ्यात योग्य वाटतो. यात पाऊचचं महत्त्व पाण्यासाठी. मांजराला तहान कमी लागते, आणि नुसत्या दाण्यांवरचे बोके लघवीच्या त्रासाला जास्त बळी पडतात. पाऊच परवडत नसेल त्या दिवशी दाण्यांत कोमट पाणी घाला, अर्ध्या तासात खाल्लं नाही तर काढून टाका. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी, खाण्यापासून लांब ठेवा. दाणे मोजायला वाटी नको, एकदा स्वयंपाकाच्या काट्यावर तोला आणि त्या उंचीला डब्यातल्या मापावर खूण करा.

पिल्लाला किटनचंच द्या, वर्षाचं होईपर्यंत. दिवसातून चार वेळा थोडं थोडं, सुरुवातीला दाणे भिजवून. अडचण अशी येते की बोका पिल्लाच्या ताटलीवर जातो. त्यातल्या जास्तीच्या कॅलरीनं तो महिन्याभरात गोल होतो. दोघांना वेगळ्या खोलीत, दार लावून, वेळेवर जेवू घाला.

दूध-भात एकदम बंद करू नका. आठ-दहा दिवस घ्या, रोज जुनं थोडं कमी, नवं थोडं जास्त. बोका रुसेल, सासूबाई म्हणतील बिचारा उपाशी आहे. एखादं जेवण चुकलं तर घाबरू नका, पण पुरा दिवस त्यानं काहीच तोंडात घातलं नाही तर हट्ट सोडा, आवडीचं काही द्या आणि डॉक्टरांना विचारा. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की यकृतात चरबी साचायला लागते, आणि जाड मांजराला हा धोका जास्त. पिल्लाच्या बाबतीत तर एवढीही वाट बघायची नाही.

शेजारच्या काकूंनी मासे देऊ का म्हणून विचारलंय असं तुम्ही लिहिलंय. कारवार-गोव्याकडून आलेला बांगडा किंवा तारली शिजवून, काटे काढून, मीठ-मसाला-कांदा-लसूण न घालता कधीमधी त्यांच्याच अंगणात दिली तर हरकत नाही. रोजचं जेवण म्हणून नको, आणि कच्चे तर नकोच, काही माशांतला एक घटक ब1 जीवनसत्त्व नष्ट करतो. कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला घातक आहे, तेव्हा आमटी-भातही बंद.

आणि बोका वाळूत पुन्हा पुन्हा बसतोय, कुंथतोय, लघवीचा थेंबही येत नाही, असं दिसलं तर खाद्याचा विचार बाजूला ठेवून त्याच तासाला पशुवैद्यकीय दवाखाना गाठा, रात्र असली तरी. एरवी तुम्ही निवडाल त्या पाकिटांच्या मागच्या बाजूचे स्वच्छ फोटो टाका, आकडे मी मांडून देते.