ऑफिसात बहुतेक महिलाच असतील तर सहकाऱ्यांना काय म्हणून हाक मारावी?

तुम्ही लिहिलंय की नव्या नोकरीत आजूबाजूला जवळपास सगळ्या महिलाच आहेत, त्यांना मॅडम म्हणावं की ताई, आणि नाव घेतलं तर उद्धटपणा वाटेल का. माझं उत्तर: नाव घ्या. नावामागे मॅडम लावायचं की ताई, ते तिथल्या पद्धतीप्रमाणे ठरवा आणि बोलणं अहो-जाहोचं ठेवा. पण नुसतं 'मॅडम' नको.

मी परिचारिका. नोकरीची शेवटची बरीच वर्षं वॉर्डची इन्चार्ज होते. तिथे पुरुष कमी आणि आम्ही जास्त, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून जुनं सगळं वर आलं.

आमच्याकडे एक नवा ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, आला होता. कामाला चोख, बोलायला अतिशय अदबशीर. तो सगळ्यांना मॅडम म्हणायचा. डॉक्टर मॅडम, मी मॅडम, स्टाफ नर्सही मॅडम. सगळ्यांना त्याचं कौतुक. एका संध्याकाळी त्याने रात्रपाळीला ओव्हर देताना, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती सोपवताना, एका पेशंटबद्दल सांगितलं, "जेवणाआधीचं इन्सुलिन मॅडमनी दिलंय." ट्रीटमेंट शीटवर सहीची जागा कोरी. रात्रपाळीच्या सिस्टरनी विचारलं, कोणत्या मॅडमनी? त्याला वाटत होतं एकीने, विद्यार्थिनीला वाटत होतं दुसरीने. जिचं नाव आधी निघालं ती म्हणाली, मी दिलेलं नाही. म्हणजे डोस राहिला असं धरून कोणीही पुन्हा इन्सुलिन टोचलं असतं आणि पेशंटची साखर रात्रीतून धोकादायक खाली गेली असती. रात्रपाळीच्या सिस्टर हट्टी, म्हणून वाचलं. त्यांनी पेशंटला विचारलं, साखर तपासली, ड्युटी संपवून घरी गेलेल्यांना एकेक करून फोन लावले. इन्सुलिन दिलेलं होतं. देणारीला तेवढ्यात शेजारच्या वॉर्डात बोलावलं होतं आणि सही राहून गेली होती.

पुढच्या बैठकीत एक मोठे डॉक्टर म्हणाले, "सिस्टर लोकांचा नेहमीचा गोंधळ." आणि आमच्या अधिसेविका, म्हणजे ज्यांना जुने लोक मेट्रन म्हणतात त्या, म्हणाल्या की सही राहिली एवढाच मुद्दा आहे, मुलगा तर किती आदराने बोलतो. सही राहिली ही चूक होतीच. पण ओव्हरमध्ये नाव आलं असतं तर एका फोनवर खुलासा झाला असता. मी म्हटलं, ओव्हर देताना प्रत्येक कामापुढे करणाऱ्याचं नाव यायलाच हवं. त्यावर मला ऐकवलं गेलं की बायकांच्या वॉर्डात एकमेकींची नावं घ्यायला लागलं की शिस्त जाते. त्याच बैठकीत प्रत्येक पुरुष डॉक्टरचा उल्लेख आडनाव आणि सर असा होत होता. तिथे कोणाची शिस्त बिघडली नाही.

मला हे तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. पेशंटची ओळख खाटेच्या नंबरावरून पटवायची नाही, निदान दोन खुणा जुळवायच्या, हे आम्हीच विद्यार्थिनींना शिकवतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली शस्त्रक्रियेसाठी जी सुरक्षा-यादी आणली, तिच्यात चिरा देण्याआधी टीममधल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. सर्जनने आणि नर्सनेही. हे शिष्टाचार म्हणून घातलेलं नाही. नाव माहीत असलं की वेळेला माणूस बोलतो, चूक दिसली तर थांबवतो. मग वॉर्डात आमची नावं घ्यायला काय हरकत होती?

मी माझ्या वॉर्डात फळा लावला. कोणत्या पाळीत कोणत्या खाटांकडे कोण, आडनावासकट. आवरायला येणाऱ्या कक्षसेविकेचंही नाव त्यावर असायचं. यावरूनही वाद झाला. तिला सगळे 'मावशी' म्हणत, आणि ती त्या ब्रदरहून वयाने लहान होती! डॉक्टरांना 'अहो' आणि तिला 'ए मावशी, इकडे ये' ही पद्धत मी माझ्यासमोर चालू दिली नाही. तुम्हीही ऑफिसात हे बघा. साहेबीण बाईंना मॅडम म्हणणं सोपं असतं. शिपाई आणि सफाईचं काम करणाऱ्या बाईंशी तुम्ही कसं बोलता, ते बाकीच्या सगळ्या ऐकत असतात.

आणखी काही गोष्टी. वहिनी, काकू म्हणू नका. तिच्या नवऱ्याची किंवा वयाची नोंद ऑफिसात कशाला? आडनाव लग्नाआधीचं लावते की नंतरचं, ते तिलाच विचारा. घोळक्याला 'चला मुलींनो' म्हणू नका, तुमच्याहून लहान असल्या तरी. 'डिअर', 'स्वीटी' तर अजिबात नाही. बाहेरच्या माणसासमोर पदासकट ओळख करून द्या, कारण बाहेरचा माणूस बाईचं पद स्वतःहून धरत नाही. आमच्याकडे नातेवाईक लेडी डॉक्टरला सिस्टर म्हणायचे आणि ब्रदरला डॉक्टर, आणि ते दुरुस्त करायला फार थोडे पुरुष तोंड उघडायचे. तुम्ही उघडा.

हो, एखादी स्वतःहून म्हणाली की मला नुसत्या नावाने हाक मार, अगं-तुगं चालेल, तर तिचं ऐका. कोणाला 'मावशी' मनापासून आवडतही असेल. आणि जिथे सगळेच एकमेकांना, साहेबांनाही, पहिल्या नावाने बोलावतात, तिथे तुम्ही एकट्याने मॅडम-मॅडम करू नका. पण हे त्यांनी सांगितल्यावर. पहिल्याच आठवड्यात प्रत्येकीला विचारून घ्या, "मी तुम्हाला काय म्हणू?" यात लाजण्यासारखं काही नाही. आणि कोणी वरिष्ठ म्हणाले की मॅडम म्हटलं की झालं, तर त्यांना विचारा, "मॅडमनी सांगितलंय" असा निरोप आला तर ते फोन नेमका कोणाला लावणार?