तुर्भ्याच्या लॅबमध्ये परदेशी विषाणू आणायचाय? आधी हे वाचा

पिकांवर रोग आणणारा परदेशी विषाणू मागवून त्यावर प्रयोग करायचे, हा विषय छान निवडलात. परवानगी मिळते, घाबरू नका. फक्त क्रम चुकवू नका. आधी ऑर्डर देऊन मग परवान्यामागे धावणं ही नवख्यांची नेहमीची चूक. कागदांविना मुंबईत उतरलेला नमुना परत तरी जातो, नाहीतर नष्ट होतो.

मुळात तो बाहेरून हवाच आहे का? पपईचा रिंगस्पॉट, टोमॅटोचा पर्णगुच्छ (लीफ कर्ल) हे विषाणूजन्य रोग आपल्या शेतांतच सापडतात. नवा परदेशी प्रकार देशात आणण्याची जोखीम विनाकारण घेऊ नका.

हवाच असेल, तर सुरुवातीला एवढंच:

- प्लांट क्वारंटाइन आदेश, २००३ नुसार आयात परवाना फरिदाबादहून, केंद्र सरकारच्या वनस्पती संरक्षण सल्लागारांकडून घ्यावा लागतो.
- अर्जात नुसतं 'टोमॅटोचा विषाणू' लिहू नका. नेमकी जात, आयसोलेट (म्हणजे वेगळा काढलेला विशिष्ट नमुना), मूळ देश, यजमान पीक (ज्यावर तो वाढतो) आणि प्रयोगाचा हेतू लिहा.
- जागा आधी तयार ठेवा. इथेच बहुतेक जण कमी पडतात. पर्णगुच्छ पसरवणारी पांढरी माशी जेमतेम १ मिलिमीटरची. डासांच्या साध्या जाळीतून ती आरामात निसटते. बारीक जाळी, दुहेरी दार, आणि प्रयोगानंतर झाडं-माती ऑटोक्लेव्ह करायची, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायची सोय हवीच.

नमुना आल्यावर ओळखीच्या लॅबला परस्पर देऊ नका, मागणारा कितीही जवळचा असो. जनुकीय बदल केलेल्या विषाणूची प्रक्रिया वेगळी आहे, ती आत्ता डोक्यात घेऊ नका. या आठवड्यात संस्थेच्या जैवसुरक्षा समितीला भेटा आणि अर्जाचा मसुदा त्यांना दाखवा.